रेवाला सोबत: घोडीजवळ कोण ठेवायचं याच्या नोंदी

18 नोव्हेंबर 2024, गिरणारे रस्ता, नाशिक

तुळशीची लग्नं लागली आणि दादाची वरातीची वही भरायला लागली. आमच्याकडे जनावरं दोनच. राजा नुकरा, म्हणजे पांढरा घोडा, तो वरातीला जातो. रेवा कुमैत, म्हणजे तांबूस रंगाची, काठेवाडी घोडी; तिच्यावर सकाळी मुलं रपेट शिकतात. राजा संध्याकाळी टेम्पोत चढला की मध्यरात्रीनंतरच परततो, आणि तोवर रेवा आवारात एकटी असते.

काल रात्री मामांनी मला उठवलं. (मामा म्हणजे आमचे मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. नात्याने कोणी नाहीत, पण दादाला घोड्यावर पहिल्यांदा त्यांनीच बसवलं.) रातीब, म्हणजे रोजचा दाणा, तसाच पडलेला, मान घामानं चिंब, लीद पातळ, कुंपणाच्या कडेनं येरझारा घालून जमीन उकरलेली. पोटशूळ नव्हता. पण घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटाचं काहीही दिसलं की आम्ही बसून राहतो. पहाटे टेम्पोचा आवाज आला, राजा उतरला, आणि ही बया पाच मिनिटांत गवत खायला लागली.

म्हणजे दुखणं एकटेपणाचं आहे. घोडा कळपातलं जनावर. एक झोपतं तेव्हा दुसरं उभं राहून कानोसा घेतं, त्यांची सगळी घडण तशीच. एकट्याला आडवं पडून झोपायलाही धीर होत नाही.

आज वहीत नवं पान काढलं. शोध घ्यायचा तो रात्री घरी थांबणाऱ्या सोबत्याचा. त्यानं रेवाला लाथाळू नये, तिचं खाणं त्याला आणि त्याचं खाणं तिला बाधू नये, त्याचे रोग तिला लागू नयेत, आणि मामांच्या एकट्याच्या हातानं उरकेल एवढंच काम वाढावं.

20 नोव्हेंबर

तात्पुरतं: रात्री जाळीत गवत, म्हणजे ते हळूहळू निघतं आणि तोंड चालू राहतं. रातीब राजा निघायच्या बराच आधी. थोडा फरक पडला, पण येरझारा तशाच.

26 नोव्हेंबर

दादाचा विचार: गाय आणू. दूध होईल, शेण होईल, रेवाला सोबत होईल. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला डांगी चांगली मिळते. तेलकट कातडीची, धो धो पावसात उभी राहणारी, आमच्या हवेला अगदी जमणारी. मलाही डांगी आवडते. पण जनावरांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला: सर्रा.

सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्या वाढतात. माशी एका जनावराला चावते, ते अंग झाडतं, ती उठून शेजारच्याला चावते, आणि तोंडाला लागलेलं रक्त तिकडे पोचतं. गाई-म्हशींच्या रक्तात हे जंतू महिनोन् महिने असतात आणि वरून जनावर ठणठणीत दिसतं. घोड्याला मात्र तोच रोग झोपवतो: ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांना सूज, अंगातलं रक्त कमी होत जातं. वेळेत क्विनापायरामिन टोचलं नाही तर घोडा हातचा जातो. गाय ठेवलेल्या प्रत्येक पागेत सर्रा येतोच असं नाही. पण ज्याच्याकडे एकच घोडी आहे त्यानं माशीला इतका जवळचा रस्ता करून देऊ नये, हे मला पटलं. शेजारच्या आबांचा म्हशींचा गोठा बांधापलीकडे आहे, तेवढा धोका पुरे आहे.

शिंगं आणि पेंड हे मुद्दे त्यापुढे किरकोळ. गाय बाद.

5 डिसेंबर

कोंबड्यांचा प्रश्न मामांनीच काढला. लीद उकरून अळ्या खातात, माश्या कमी होतात, हे खरं. पण त्या सोबत कसली देणार, अंधार पडला की खुराड्यात. शिवाय गवतावर विष्ठा.

मुख्य अडचण खाद्याची. कोंबडीखाद्यात कॉक्सिडियोसिस या आतड्याच्या रोगावर मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती पचतात. घोड्याला वजनाच्या किलोमागे 2-3 मिलिग्रॅम एवढं मोनेन्सिन जिवावर बेततं. हृदयाचा स्नायू खराब होतो आणि त्यावर उतारा नाही. एक फुटकी गोणी पुरेल. गाई-शेळ्यांच्या काही तयार खाद्यांतही ते असतं. म्हणून आजपासून नियम: या आवारात कोणतीही गोणी येवो, लेबल वाचल्याशिवाय सुतळी तोडायची नाही. मामांना इंग्रजी लेबल वाचता येत नाही, तर त्यांनी फोटो काढून मला पाठवायचा.

17 डिसेंबर

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा करून आलो. तापीकाठी नजर पोचेल तिथवर घोडे; मारवाडी, काठेवाडी, पंजाबी नुकरे, नाचवणारे, दात उघडून दाखवणारे. दादा दोन ठिकाणी रेंगाळला. त्याचं म्हणणं, घोड्याला सोबत घोड्याचीच. ते बरोबरच आहे, माझा त्याला विरोध नाही. घोड्याची भाषा घोड्यालाच येते. एकमेकांची मान खाजवणं, शेपटीनं एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या हाकलणं हे दुसरं कुठलंच जनावर करणार नाही.

पण मी त्याला विचारलं, "हा नवा घोडा वरातीला पाठवशील की नाही?" तो हसला. उत्तर तिथेच मिळालं. ज्या रात्री मुहूर्त असेल त्या रात्री दोन्ही घोडे बाहेर, आणि रेवा पुन्हा एकटीच. घोडा घ्यायचा तर तो धंद्यासाठी घ्यावा, रेवाच्या नावावर खर्ची टाकू नये.

2 जानेवारी 2025

पौष लागला. मुहूर्त नाहीत, राजा घरी, रेवा शांत. शोधाला निवांत महिना मिळाला.

एक धनगर बाबा दरवर्षी इकडून मेंढ्यांचा वाडा घेऊन जातात. त्यांनी दोन दख्खनी मेंढ्या देऊ केल्या. मेंढी गरीब, घोडीला त्रास देणार नाही, आणि जंतांच्या दृष्टीनं तर उत्तमच. घोड्याचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात जगत नाहीत आणि मेंढीचे घोड्याच्या. एकाच कुरणात आलटून-पालटून चरले तर एकमेकांच्या अळ्या गिळून संपवतात. ट्रायकोस्ट्राँगिलस ॲक्झाय नावाचा एक जंत तेवढा दोघांतही राहतो.

मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण आमचं आवार आबांच्या द्राक्षबागेला लागून आहे. आबा आले, बांधावर बसून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, मेंढ्या आणशील तर माझ्या बांधाचं गवत कापू नको." डावणी या द्राक्षावरच्या रोगासाठी त्यांची बोर्डोची फवारणी चालते: 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद (यात तांबं असतं) आणि 1 किलो चुना. वर्षानुवर्षं ते तांबं मातीत साठतं आणि बांधाच्या गवतावर उडतं. तांब्याला सगळ्यात हळवं जनावर मेंढी. ते तिच्या यकृतात महिनोन् महिने गुपचूप साठत राहतं, वरून काही कळत नाही. मग एके दिवशी थंडी, उपास, गाडीतला प्रवास असं काही निमित्त होतं, यकृत ते सगळं एकदम रक्तात सोडतं, रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी काळपट, आणि एक-दोन दिवसांत मेंढी जाते. घोड्याला तांबं मेंढीच्या मानानं पुष्कळ सोसतं. त्यामुळे घोड्यांच्या क्षारमिश्रणातही ते भरपूर घालतात, आणि रेवाची क्षारवीट चाटणारी मेंढी दुहेरी मार खाणार.

नाशिकला बाग टाळून जागा मिळवायची म्हणजे अवघडच. आमच्या जागेवर मेंढ्या नकोत. बाबांना चहा पाजून नकार कळवला. त्यांना कारण पटलं, बागेकडेनं चारायला तेही कचरतात.

15 जानेवारी

पौष पौर्णिमेला जेजुरीला गेलो होतो. खंडोबाचं दर्शन आणि खालचा गाढवांचा बाजार, दोन्ही. सांगायला लाज कसली, मला मनापासून गाढव हवं होतं.

घोड्याच्या कुळातलं जनावर, स्वस्त, काटक, बारीकसारीक आवाजानं न बिथरणारं. बिथरलेल्या घोडीजवळ असा स्थिर स्वभाव उभा असला की ती पण निवते, हे मामांनी टांग्याच्या काळात पाहिलेलं आहे. बाजारात गावरान होती, सौराष्ट्राकडून आलेली मोठ्या हाडाची काठेवाडीही होती. सौदा दात पाहून. पण ओळी विरळ. 2019 च्या पशुगणनेत देशभरात गाढवं 1.2 लाख उरली होती, आधीच्या गणनेपेक्षा 61 टक्के कमी. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, परीटघाटावर मशीन आलं, गाढव ठेवणार कोण?

परतीच्या रस्त्यावर डॉक्टरांशी फोनवर बोलत आलो. त्यांचा मुद्देसूद हिशोब असा.

गाढवाच्या फुप्फुसात राहणारा एक जंत आहे. गाढवाला त्याचा काही त्रास दिसत नाही, खोकलाही नाही. त्याच आवारात चरणाऱ्या घोड्याला मात्र जुनाट खोकला लागतो. म्हणजे आणल्याबरोबर लीद तपासणं आणि आयव्हरमेक्टिन, मगच कुरणात. दुसरं ग्लँडर्स. नाकातून शेंबूड, कातडीखाली गाठी, माणसालाही होणारा रोग. 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार तो कळवावाच लागतो, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीत जनावर बाधित ठरलं तर त्याला मारावं लागतं. त्यामुळे बाजारातलं कुठलंही घोड्याच्या कुळातलं जनावर रक्ततपासणीशिवाय दारात घ्यायचं नाही. हा नियम दादाच्या घोडेखरेदीलाही लागू.

ही दोन्ही कामं करता येण्यासारखी आहेत. अडलं ते तिसऱ्यावर. गाढवाला गाढवाचीच सोबत लागते. एकटं आणलं तर आपण रेवाचं दुःख तिच्याकडून काढून त्याच्या गळ्यात बांधलं. आणि गाढव सोसतं फार, दाखवत नाही. मन लागलं नाही म्हणून त्यानं खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यातून ते दगावतं. म्हणून आणायची तर जोडीच, तीही नर असतील तर खच्ची केलेली, नाहीतर रेवाला खेचर व्हायचं. पुन्हा त्यांना रेवाचा लसूणघास चालत नाही. गाढवाची घडण कोरड्या मुलखातली, पोषक चाऱ्यावर त्याच्या मानेवर चरबीची वळी चढते आणि खुरं सुजतात. शिवाय त्याच्या केसांतून पाणी आत झिरपतं, पावसाळ्यात कोरडं छप्पर हवंच. म्हणजे वेगळी दावण, वेगळा चारा, वेगळा निवारा, आणि करणारे मामा एकटे.

जागा आणि माणूस ज्याच्याकडे आहे त्यानं गाढवांची जोडीच घ्यावी, हे माझं मत अजूनही आहे. आमच्याकडे ते दोन्ही नाही.

22 जानेवारी

उरल्या शेळ्या. खरं तर पहिल्या दिवसापासून त्याच डोळ्यांपुढे होत्या, पण शेळी म्हटलं की दादा नाक मुरडतो.

जमेच्या बाजू: जंतांचं गणित मेंढीसारखंच. तांबं मेंढीपेक्षा बरंच सोसते (तरी बांधाचं गवत तिलाही नाहीच). घोडी गवत खाते, शेळी पाला खाते, त्यामुळे तंटा कमी. लाळ्या-खुरकूत, पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) हे तिचे रोग घोड्याला होत नाहीत. आणि लेंडीखताला आबा आत्ताच गिऱ्हाईक.

बोकड की शेळी, यावर घरात चर्चा झाली. खच्ची बोकड शांत असतो. पण बोकड ठेवला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण "कधी?" असं विचारणार. आषाढात तर पाहुणे भांडं घेऊनच येतील. शेळ्याच घ्यायच्या, आणि दोन.

30 जानेवारी

सिन्नर तालुक्यातल्या एका घरच्या कळपातून दोन संगमनेरी आणल्या. बाजारातून नाही, कारण बाजारात दहा गावांचे रोग एका दोरीला बांधलेले असतात. एक पूर्ण पांढरी, एक तांबूस ठिपक्यांची. शिंगं मागे वळलेली आहेत, तरी टोकांना रबरी पाइपचे तुकडे बसवले. रेवाचं पोट आणि डोळा नेमके त्या उंचीवर येतात.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या ठेवल्या आहेत. पीपीआरची लस, जंताचं औषध, धनुर्वाताची सुई. धनुर्वात घोड्यांच्या पागेत पक्का, त्याचे जंतू लिदेत असतातच. रेवा-राजाची सुई दरवर्षीची चालूच आहे.

9 फेब्रुवारी

कुंपण. घोड्याचं कुंपण शेळीला अडवत नाही; मधल्या आडव्या बांबूंतून पांढरी पहिल्याच दिवशी आरपार. काटेरी तार लावू देणार नाही, रेवाचे पाय फाटतील. खालच्या भागाला बारीक जाळी मारली.

रातीबाची कोठी ही याहून मोठी काळजी. शेळीनं पोटभर जव-हरभरा खाल्ला तर पोटात आंबतं, फुगते आणि मरते. मामांनी जुना तोबरा शोधून काढला. आता रेवाचा रातीब तोबऱ्यात, तिच्या तोंडालाच बांधलेला. खाली सांडत नाही, शेळ्यांना तोंड घालायला जागा नाही. कोठीची कडी ठिपकीनं दुसऱ्या दिवशीच तोंडानं उघडली, म्हणून तिथे कुलूप.

27 फेब्रुवारी

आज रेवा आणि शेळ्यांमधली जाळी काढली. आधीचे काही दिवस जाळीच्या दोन बाजूंना ठेवून वास घेऊ दिला होता.

रेवा आधी फुरफुरली, कान ताठ, नाकपुड्या रुंद. पांढरी सरळ चालत तिच्या पुढच्या पायांपाशी गेली. रेवानं मान खाली घालून तिच्या पाठीवर नाक टेकवलं आणि वरच्या ओठानं केस चाचपले, पाहुण्याच्या साडीचा पोत बघावा तसे. मग दातांनी हलकंच ओढलं. पांढरी किंचाळून पळाली, रेवा चार पावलं मागे, आणि ठिपकी या सगळ्यात गवताच्या जाळीवर पाय ठेवून शांतपणे खात होती. मामा म्हणाले, "ताई, ही घोडीला वळण लावेल."

12 मार्च

मुहूर्ताची रात्र. मामांनी मोबाइलवर चित्रण करून ठेवलंय. टेम्पो निघाला, रेवा दोनदा खिंकाळली, कुंपणाच्या कडेनं निघाली. मागे दोन्ही शेळ्या, एकीमागे एक. दोन फेऱ्या झाल्यावर ठिपकी मध्येच बसली आणि रवंथ करायला लागली. रेवा तिच्यापाशी थांबली, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग जाळीकडे वळली. तोबरा रिकामा. पहाटे लीद नेहमीसारखी घट्ट.

राजा आल्यावर मात्र शेळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घोड्याची जागा शेळी भरून काढत नाही, ती रात्र भागवते. आम्हाला तेवढंच हवं होतं.

19 मार्च

नवी कटकट: रेवाच्या शेपटीची टोकं कुरतडलेली. पांढरी रात्री कंटाळली की शेपूट चघळते. कडुनिंबाचं तेल लावलं, पण खरा उपाय पाल्याचा. शेळ्यांना रात्रीसाठी बोरी-बाभळीच्या फांद्या टांगल्या.

मामा सुबाभूळही आणत होते, शेळ्या त्यावर तुटून पडतात. ती थांबवली. सुबाभळीत मिमोसिन असतं, ते घोड्यानं खाल्लं की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. शेळी कुरतडणार, वर सुबाभूळ झडवणार, मग रेवाच्या मागे उरणार काय? कण्हेरीचं झाड फाटकापाशी होतं, तेही मुळासकट काढलं. तिथे शेळी आणि घोडी दोघींचाही जीव सारखाच धोक्यात होता.

4 एप्रिल

आबांच्या द्राक्षांची खरड छाटणी सुरू. त्यांनी प्रेमानं कोवळ्या काड्यांचा भारा आणून टाकला. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे विचारून त्यांनाच परत केला. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट लेंडीखताची पहिली ट्रॉली ठरवून गेले.

26 मे

पाऊस यंदा मे महिन्यातच कोसळला. आजूबाजूला कांदा भिजला, आमचं आवार चिखल झालं. शेळी पाण्यात पाय ठेवत नाही. दोघी दोन दिवस रेवाच्या छपरात तिच्या पायांशी अंग चोरून उभ्या होत्या, आणि रेवा पाय हलवायचं टाळत होती. आज लाकडी माचाण करून दिलं, जमिनीपासून गुडघाभर उंच, खाली फटी. ओल्यात राहिलं तर खुरं कुजतात.

आंत्रविषाराची लस कालच दिली. तपासताना डॉक्टरांनी ठिपकीच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. गाभण आहे, सिन्नरच्या कळपात बोकड होता. शेळीचे पाच महिने धरले तर जून सरायच्या आत व्यायला हवी. तेव्हा ती आवारातून बाहेर, कोपऱ्यातल्या खोलीत. पिल्लांची नाळ आयोडिनमध्ये बुडवायची, लिदेच्या जागेत धनुर्वात टपलेला असतो. पिल्लं अंगात धरेपर्यंत रेवाच्या पायांत सोडायची नाहीत. तोवर रात्रीची पाळी पांढरीची एकटीची. तिला ते झेपतं का ते पाहायचं, नाहीतर सिन्नरहून तिसरी.